बेरीज बरोब्बर १ येते, तरी आलेख जागचा हलतोय. खरं कोण, आरसीडब्ल्यूए की एफडीटीडी?

अर्धातरंग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज घोडं अडलं म्हणून लिहितोय.

काचेवर (अपवर्तनांक १.४४४) सिलिकॉनच्या (३.४८) समांतर पट्ट्या आहेत. आवर्त १००० नॅनोमीटर, त्यात ५०० पट्टी आणि ५०० हवा. उंची इथे सांगता येणार नाही, गाईडचा हुकूम. प्रकाश वरून लंबरूप पडतो आणि विद्युत क्षेत्र पट्ट्यांना आडवं आहे, म्हणजे टीएम. १४०० ते १६०० नॅनोमीटरमध्ये किती परत येतो आणि किती पार जातो, एवढंच काढायचंय. शोषण धरलेलं नाही, तेव्हा दोन्हींची बेरीज १ यायला हवी.

दोन वाटांनी काढलं.

पहिली वाट, स्वतः पायथॉनमध्ये लिहिलेलं आरसीडब्ल्यूए (क्षेत्रं फूरिये मालिकेत, म्हणजे साइन-लहरींच्या बेरजेत, मांडून सोडवायची रीत). बेरीज बाराव्या दशांशापर्यंत १. पण अनुनादाची खाच (आलेखातला अरुंद खड्डा) स्थिर राहत नाही. ±१० हार्मोनिकला (मालिकेतल्या पदांना) ती १५२३ वर, ±२० ला १५१७, ±४० ला १५१३.

दुसरी वाट, मीप या सॉफ्टवेअरमध्ये एफडीटीडी (जागेच्या बारीक पेशी पाडून क्षेत्र वेळेबरोबर पावलापावलाने पुढे न्यायची रीत). पेशी २० नॅनोमीटर, पीएमएल (कडेला लहरी गिळणारा थर) पट्ट्यांच्या जाळीपासून दोन्हीकडे अर्ध्या मायक्रॉनवर, एकूण ५०० फेम्टोसेकंद चालवलं. खाच १५१३ च्या आसपास दिसते, पण तिच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक लाटा आहेत. बेरीज खाचेपाशी १.०३ होते आणि १४५० जवळ ०.९६ वर घसरते.

गाईड म्हणतात, ज्याची बेरीज १ तो खरा. मग आरसीडब्ल्यूए धरू? पण नक्की कितव्या हार्मोनिकचं धरू?

लहरी

पहिला प्रतिसाद माझा! विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण आयडी बघता हजेरी लावणं भाग आहे.

अवांतर: याला मराठीत 'विकिरण' म्हणायचं ना? शाळेच्या पुस्तकात आकाश निळं दिसतं ते विकिरणामुळे. मग हिंदीत विकिरण म्हणजे रेडिएशन कसं काय?

जुनीजाळी

लहरी, आपल्याकडे विकिरण म्हणजे स्कॅटरिंग आणि रेडिएशनला प्रारण. हिंदीत स्कॅटरिंगला प्रकीर्णन म्हणतात. दोन्हींकडची पुस्तकं चाळणारी मुलं हमखास गोंधळतात. मी आपली सरळ स्कॅटरिंग म्हणते.

आता धागाकर्त्यासाठी. गाईडना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचा निकष इथे लागू पडत नाही.

आरसीडब्ल्यूएमध्ये आपण क्षेत्र आणि एप्सिलॉन (अपवर्तनांकाचा वर्ग) दोन्ही फूरिये मालिकेत मांडतो आणि मालिका कुठेतरी तोडतो. शोषण नसेल तर तोडल्यावर उरणारी मॅट्रिक्सं हर्मिशियनच राहतात, त्यामुळे ऊर्जा राखली जाते. मग हार्मोनिक ३ घ्या नाहीतर ३००. तोडलेली समीकरणंसुद्धा कुठल्यातरी शोषण नसलेल्या रचनेचीच असतात, फक्त ती रचना तुमची नसते. शेजाऱ्याचा ताळेबंद जुळला म्हणून आपल्या खात्यात पैसे येत नाहीत.

बेरीज १ आली नाही तर कोडमध्ये नक्की घोळ आहे. कुठेतरी चिन्ह उलटं पडलंय, नाहीतर वाढत्या घातांकांनी मॅट्रिक्स फुटलंय. १ आली तर हार्मोनिक पुरेसे आहेत की नाहीत, याबद्दल काहीही कळलेलं नसतं.

तुमची खाच सरकतेय त्याचं कारण मला दिसतंय. कोड १९९५ च्या मोहरम-गेलॉर्ड मंडळींच्या मांडणीवरून लिहिलाय ना?

अर्धातरंग

हो! तुम्हाला कसं कळलं?

जुनीजाळी

सगळे तिथूनच लिहितात, मीही लिहिला होता. मांडणी उत्तम आहे. टीईला (विद्युत क्षेत्र पट्ट्यांना समांतर) पटकन बसते, टीएमला मात्र रखडते. १९९६ मध्ये लालान-मॉरिस आणि ग्राने-गिझाल या दोन जोड्यांनी वेगवेगळं काम करून टीएमचा उपाय छापला, आणि तो का चालतो हे त्याच वर्षी लिफेंग लीने नियमात बसवून दाखवलं.

गोम अशी. पट्टीच्या भिंतीला (सिलिकॉन-हवेच्या सीमेला) आडवं विद्युत क्षेत्र भिंतीवर उडी मारतं. एप्सिलॉनही तिथेच उडी मारतं. दोघांचा गुणाकार, म्हणजे विस्थापन क्षेत्र, मात्र अखंड असतं. दोन तुटक गोष्टींच्या तोडलेल्या मालिका गुणून अखंड गोष्ट मिळवायला गेलात तर भिंतीजवळ चूक साचते, आणि हार्मोनिक वाढवले तरी ती फार सावकाश जाते. म्हणून आडव्या घटकासाठी आधी १/एप्सिलॉनची मालिका घ्यायची, तिचं मॅट्रिक्स मांडायचं आणि मग ते उलटं करायचं.

पटत नसेल तर कागदावर करून बघा. एकच हार्मोनिक ठेवा, शून्यावा. सिलिकॉनचं एप्सिलॉन १२.११, हवेचं १, दोघं निम्मेनिम्मे. साधी सरासरी ६.५६. उलट्यांची सरासरी घेऊन परत उलटं केलंत तर १.८५. पट्टीला समांतर क्षेत्राला ६.५६ बरोबर आहे, पण आडव्या क्षेत्राला १.८५ हवं. जुना नियम आडव्यालाही ६.५६ देऊन सुरू होतो आणि मग हार्मोनिकमागे हार्मोनिक लावून खाली उतरत बसतो. एप्सिलॉन खऱ्याहून जास्त धरलं की अनुनाद लांब तरंगलांबीकडे जातो. तुमची खाच १५२३ वरून डावीकडे येतेय, ती याच उताराने.

एक सावधगिरी. हा बदल फक्त आडव्या घटकाच्या जागी करायचा. जाडीच्या दिशेचा घटक पट्टीच्या उभ्या भिंतींना समांतर आहे, त्याला जुनाच नियम योग्य. उत्साहात दोन्हीकडे बदललंत तर पुन्हा नवी चूक.

अर्धातरंग

ताई, दंडवत!! खरोखर एक ओळ बदलली. आता ±१० ला १५०९.६, ±२० ला १५०९.३, ±४० ला १५०९.२. बेरीज आधीही १ होती, आताही १ आहे. आधीच्या १५२३ वर मी दोन महिने सेमिनारच्या स्लाइड करत होतो.

म्हणजे एफडीटीडी चूक ना? त्याची खाच १५१३ वर आहे.

जुनीजाळी

ताळेबंद न जुळलेला एफडीटीडी तुमच्या स्लाइडवरच्या नीटनेटक्या १५२३ पेक्षा खऱ्याच्या जवळ होता, हे लक्षात घ्या. आणि तो निदान बोंब तरी मारत होता. त्याच्या तीन तक्रारी वेगळ्या करू.

खाचेभोवतीच्या लाटा आणि १.०३ ही घाई आहे. खाच किती रुंद आहे?

अर्धातरंग

अर्ध्या उंचीला साधारण दीड नॅनोमीटर.

जुनीजाळी

म्हणजे क्यू (तरंगलांबी भागिले खाचेची रुंदी) १००० च्या आसपास. ऊर्जेचा आयुष्यकाल क्यू भागिले कोनीय वारंवारिता, सुमारे ०.८ पिकोसेकंद. तुम्ही ०.५ पिकोसेकंदाला दुकान बंद केलंत. अर्ध्याहून जास्त ऊर्जा तेव्हा जाळीतच घुमत होती. काळात कचकन कापलं की वारंवारितेत लाटा उठणारच. ऊर्जा दहा लाखांश भागावर यायला साधारण ११ पिकोसेकंद लागतील. वेळ ठरवून थांबू नका, क्षेत्र विझल्यावर थांबा. मीपमध्ये तशी सोय आहे.

१४५० जवळची घसरण निराळी. आवर्त गुणिले काचेचा अपवर्तनांक म्हणजे १४४४ नॅनोमीटर. त्याच्या खाली काचेत ±१ ऑर्डर (जाळीने तिरप्या फेकलेल्या लहरी) उघडतात. १९०२ मध्ये रॉबर्ट वुडला जाळीच्या वर्णपटात अचानक उजळ-अंधाऱ्या पट्ट्या दिसल्या होत्या, आणि १९०७ मध्ये रॅलेने त्यांचा संबंध याच जागेशी लावला, ऑर्डर जिथे पृष्ठभागाला चिकटून निघते तिथे. या जागेच्या किंचित वर ती ऑर्डर बंद असते पण मेलेली नसते. १४६० ला काचेत तिचा विस्तार १.०८ मायक्रॉन आहे. तुमचा पीएमएल ०.५ वर, म्हणजे तिथवर ती अजून ६३ टक्के उरलेली असते. पीएमएल ती चाखणार, बेरजेत तूट दिसणार. १५५० ला हाच विस्तार ०.४४ आहे, म्हणून तिकडे तुम्हाला त्रास जाणवला नाही. पीएमएल तीन मायक्रॉनवर न्या. १४४४ च्या किंचित खाली मात्र त्यानेही भागणार नाही, कारण पीएमएलला सपाट घासत जाणारी लहर पकडता येत नाही. १९९४ मध्ये बेराँजेने पीएमएल आणला तेव्हापासून ही खोड आहे. तेवढा तुकडा आरसीडब्ल्यूएवर सोडा.

उरली १५१३ ची जागा. सिलिकॉनमध्ये तरंगलांबी ४३४ नॅनोमीटर पडते, म्हणजे तुमच्या एका तरंगलांबीत २२ पेशी. एफडीटीडीच्या पेशींच्या (यी-च्या) जाळीत लहर जरा रेंगाळते, म्हणून अनुनाद उजवीकडे जातो. पेशी अर्धी करा आणि दोन्ही आकडे सांगा.

संख्यावेडा

मस्त धागा, वाखू (वाचनखूण) साठवली. एक शंका. टीएममध्ये भिंतीवर उडी मारणारं क्षेत्र एफडीटीडीलाही छळत असणारच. मग पेशी अर्धी केली की चूक चौथाई होते, हे गृहीत कसं धरता?

जुनीजाळी

रास्त शंका. भिंतीवरच्या पेशीत एप्सिलॉन नुसतं या बाजूचं नाहीतर त्या बाजूचं ठेवलं तर ते गृहीत धरता येत नाही, चूक निम्म्यानेच घटते. भिंतीच्या दिशेचा विचार करून सरासरी घेतली (समांतर घटकाला साधी, आडव्याला उलट्यांची) तर चौथाई मिळते. मीप ही सरासरी घेतो. नीट बघाल तर ६.५६ आणि १.८५ चं तेच भांडण इथे वेशांतर करून आलंय. फूरियेवाले आणि जाळीवाले एकमेकांना नावं ठेवतात, पण घर दोघांचं एकाच भिंतीवर गळतं.

अर्धातरंग

बारा पिकोसेकंद, पीएमएल तीन मायक्रॉनवर. २० च्या पेशीला १५१३.०, १० ला १५१०.१. लाटा गायब. बेरीज खाचेपाशी १.००० आणि १४५० ला ०.९९८.

चौथाईचा नियम धरून शून्य पेशीपर्यंत नेलं तर (४ × १५१०.१ − १५१३.०) / ३ = १५०९.१. आरसीडब्ल्यूए १५०९.२. आज झोप लागणार.

लहरी

अभिनंदन! पेढे कुठे पाठवताय?

पत्राठोक

धागा जरा वळवतो, चालेल ना? तुमचं ते नॅनो वगैरे फार नाजूक काम. आमचं १० गिगाहर्ट्झ, तरंगलांबी ३० मिलिमीटर, सगळं डोळ्यांना दिसतं, तरी उत्तर चुकतं.

रडारचं परावर्तन कमी करणारा बुद्धिबळाच्या पटासारखा बोर्ड केला. पाठीला सलग तांबं, वर दोन मापांचे चौकोनी तुकडे. दोन्हींचे परावर्तनाचे फेज (लहर किती अंश मागे-पुढे होऊन परतते) अनंत मांडणी धरून काढले, फरक नेमका १८०. सूत्रानुसार १४३ ते २१७ अंशांत कुठेही असलं तरी १० डीबी घट (दहावा भागच परत) मिळते, १८० ला तर शून्यच परत यायला हवं. एका तुकड्याची पेशी ६ मिलिमीटर, ३×३ पेशींचा एक ठोकळा, म्हणजे १८ मिलिमीटर. बोर्ड १६×१६ ठोकळ्यांचा, २८८ मिलिमीटर. शोषक फोम लावलेल्या मापन-कक्षात मोजला तर लंबरूप दिशेला घट जेमतेम दीड डीबी. मटेरियलचं एप्सिलॉन, माप, सोल्डर मास्क, सगळं तपासून झालं. कुठे शेण खाल्लं?

संख्यावेडा

अख्खा बोर्ड मॉडेल का केला नाही? ३×३ पेशींच्या ठोकळ्यात मधली एकच पेशी आपल्यासारख्यांनी वेढलेली असते, बाकी आठ जणी परक्या शेजारणींना लागून आहेत. अनंत मांडणीतून काढलेला फेज तिथे कसा टिकेल?

पत्राठोक

पटतंय. पण शेजाराने फेज २०-३० अंश हलला असता तरी १० डीबी मिळायला हवी होती की. दीड म्हणजे अगदीच थट्टा आहे.

जुनीजाळी

अर्धातरंग, याचं उत्तर तू दे. तुझ्या १४४४ मध्ये आहे.

अर्धातरंग

मी?? बघतो.

(तासाभराने) ताई, पट स्वतःच एक जाळी आहे! दोन ठोकळ्यांचा आवर्त, दोन्ही दिशांना. दोन्ही रंग समान आणि विरुद्ध, त्यामुळे सरळ ऑर्डर कटते आणि ऊर्जा चार कर्णांवर जायला हवी. त्या कर्णांच्या कोनाचा साइन = तरंगलांबी / (√२ × ठोकळा) = ३० / २५.५ = १.१८. एकापेक्षा जास्त. म्हणजे त्या दिशाच बंद आहेत!

पाठीला तांबं आहे, तेव्हा पार जायला वाट नाही. शोषण नगण्य. चारही कर्ण बंद. उघडं दार एकच, सरळ परत. मग ऊर्जा राखायची तर सगळी सरळच परत जाणार, फेज काहीही असोत. ठोकळा २१.२ मिलिमीटरहून लहान असेल तर १० गिगाहर्ट्झला हा पट चालूच शकत नाही.

जुनीजाळी

शाब्बास.

आणि गंमत बघा, संख्यावेडा. अर्धातरंगच्या कामात बेरजेने काहीच सांगितलं नव्हतं. इथे नुसत्या बेरजेने, एकही मॅट्रिक्स न मांडता, बोर्ड बाद केला. कोडने काढलेली बेरीज आणि उघडी दारं मोजून मांडलेली बेरीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी तोडलेल्या मालिकेवर उभी नसते.

मोजलेली दीड डीबी बोर्डाच्या मर्यादित आकारातून, कडांवरून आणि मटेरियलमध्ये थोडं शोषलं जाऊन आली असणार. फेज कटल्याचं श्रेय तिला देऊ नका.

पत्राठोक

डोक्यावर हात मारून घेतला. ठोकळा लहान ठेवला तो मुद्दामच, 'जितका बारीक तितका एकजीव' म्हणून!

मग आता ४८ चा करतो. ८×८ पेशी, ६×६ ठोकळे, बोर्ड तेवढाच २८८ चा. साइन ०.४४२, कोन २६ अंश. आणि हो, या वेळी आधी अख्खा बोर्ड मॉडेल करतो. कशाने करू? मोमेंट मेथड (पृष्ठभागावरचे प्रवाह अज्ञात धरून सोडवायची रीत) माहितीची आहे.

जुनीजाळी

हिशोब मांडू. नुसता २८८ चा पत्रा घेतला आणि तरंगलांबीच्या दहाव्या भागाचे त्रिकोण पाडले, तर राव, विल्टन आणि ग्लिसन यांच्या १९८२ च्या बेसिसने (त्रिकोणांवर प्रवाह मांडायच्या पद्धतीने) प्रत्येक कडेला एक अज्ञात, म्हणजे २७-२८ हजार. पूर्ण मॅट्रिक्स दुहेरी अचूकतेत १२ जीबी. त्यात तुकड्यांच्या फटी आणि डायइलेक्ट्रिक आलं की हे कितीतरी पट होतं. मग मल्टिपोल (पूर्ण मॅट्रिक्स न साठवता भागवणारी रीत) लागतो. तुमच्याकडे असेल तर उत्तम.

एफडीटीडीत अर्ध्या मिलिमीटरची पेशी धरा. भोवतीची हवा मिळून तीनेक कोटी पेशी, सहा घटक एकेरी अचूकतेत, पाऊण जीबीच्या आत. गुणांक धरले तरी घरचा संगणक ओढेल. कूरांतच्या अटीने (पेशीच्या मापावरून पावलाची कमाल मर्यादा) वेळेचं पाऊल ०.९६ पिकोसेकंद पडतं, १० गिगाहर्ट्झच्या एका आवर्तनाला शंभरेक पावलं. तुमच्या सपाट, बारीक चौकोनी कामाला हेच बरं. तुकड्यांच्या कडा जाळीच्या रेषांवर बसतील असं बघा.

पण तुकडे काढण्याआधी तोच कोरा पत्रा चालवा. लंबरूप दिशेला पत्रा रडारला किती मोठा दिसतो (रडार छेद) याचं उत्तर हातात आहे, ४π × क्षेत्रफळाचा वर्ग / तरंगलांबीचा वर्ग. २८८ च्या चौरसाला ९६ चौरस मीटर, म्हणजे १९.८ डीबीएसएम (एक चौरस मीटरच्या तुलनेत डीबी). हे अर्ध्या डीबीत आलं नाही तर दूरक्षेत्राच्या (खूप लांबवरच्या क्षेत्राच्या) रूपांतरात किंवा स्रोताच्या मांडणीत खोट आहे, पटावर वेळ घालवू नका.

लहरी

हातभर पत्र्याचं क्षेत्रफळ ९६ चौरस मीटर? बिल्डर लोकांना हे सूत्र सांगू नका.

पत्राठोक

उशिरा लिहितोय, बोर्ड यायला वेळ लागला.

कोरा पत्रा मॉडेलमध्ये १९.६ आला, तेव्हा पुढे गेलो. ४८ च्या पटाचं मॉडेल म्हणालं लंबरूप दिशेला १३ डीबी घट, कक्षात मोजली ती १२. दुसरा अँटेना कर्णावर नेला आणि २६ अंशांपाशी चारही शेंडे सापडले. तीन सारखे आहेत, चौथा मात्र बाकीच्यांपेक्षा २ डीबी वर. बोर्ड ९० अंश फिरवला तरी वरचढ शेंडा त्याच कोपऱ्यात राहतो.

अर्धातरंग

बोर्डाबरोबर फिरत नाही म्हणजे दोष बोर्डाचा नाही.

जुनीजाळी

बरोबर. अँटेना किती अंतरावर होता?

पत्राठोक

साडेतीन मीटर.

जुनीजाळी

दूरक्षेत्राला २ × बाजूचा वर्ग / तरंगलांबी म्हणजे साडेपाच मीटर हवेत, आणि कर्ण धरलात तर अकरा. पण तो दोष चारही शेंड्यांना सारखाच लागला असता. त्या कोपऱ्याच्या बाजूला भिंतीवर काय आहे?

पत्राठोक

दार आहे. दाराच्या कडेचा शोषक फोम निघालाय. उद्या चिकटवून पुन्हा मोजतो.